डब्यात राहिलेल्या मेखा

आमच्या ह्यांना सगळं गाव तंबूकाका म्हणतं, आणि ह्यांनी जन्मात एक रात्र तंबूत काढलेली नाही. हे मी लग्नाची बायको म्हणून सांगते आहे आणि दुकानातल्या गल्ल्यावर बसणारी बाई म्हणूनही. घरी आणि कामावर, दोन्हीकडे हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर असतो. डोंगरावर जाऊन आला असता तर मला कळलं असतं.

आमचं दुकान, म्हणजे मालकीणबाईंचं, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढच्या भागात बूट, दोर, झोपायच्या पिशव्या. मागच्या भागात फळ्यांचा एक बुटका ओटा, त्यावर हिरवा गालिचा अंथरलेला, आणि त्यावर बारा महिने एक तंबू उभा. तो ओटा म्हणजे ह्यांचं राज्य. तिथे उभे राहिले की घरात मीठ कुठे असतं हे ठाऊक नसलेला हा माणूस असा काही बोलायला लागतो की गिऱ्हाईक बूट घ्यायला आलेलं असलं तरी तंबू घेऊन जातं.

एकदा एक नवं जोडपं आलं होतं. त्यांना उंच, पिवळा तंबू हवा होता. हे म्हणाले, "आत उभं राहून पँट घालता येते म्हणून ना? छान आहे. वाऱ्यालाही हाच आवडतो. उंच काही दिसलं की तो आधी तिथे जातो." पोरगी हसली आणि पोरानं मुकाट्यानं बुटका घेतला.

बोलणं खोटं नसायचं, हे मला मान्य आहे. परत येणारी माणसं ह्यांच्यापाशी बसून सगळं सांगत: कुणाच्या तंबूवर बर्फ साचून दांडी वाकली, कुणाच्या आत श्वासाचं पाणी होऊन अंथरूण भिजलं. हे सगळं मनात साठवायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "वर एकदा असं झालं..." कुणाला झालं ते मात्र सांगायचे नाहीत. ऐकणारा समजायचा, ह्यांनाच. कुणी थेट विचारलंच की काका, तुम्ही किती वेळा गेलात, तर हे नुसतं हसायचे आणि दांड्या जुळवायला लागायचे. ते हसणं मला आवडायचं नाही. शिडीच्या वरच्या पायरीवर ह्यांचे डोळे गरगरतात. वरच्या फळीवरचा माल मी काढून देते. घरी मी चिडवायची, "काय हो, परवाच्या वादळात तुमचं बरं निभावलं!" तर म्हणायचे, "मी कुठे काय म्हणालो?" खरंच काही म्हणालेले नसायचे. तिथेच तर सगळी मेख होती.

आमची लेक मात्र बापाच्या वाट्याची उंची स्वतःच चढून बसली. रांगत होती तेव्हाच कपाटावर सापडली, म्हणून तिचं नाव पडलं खारू. आता पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढते आणि सुट्टी मिळाली की वर. गावातल्या दातांच्या डॉक्टर तिच्या डोंगर चढणाऱ्या गटाच्या म्होरक्या. शिस्तीच्या बाई. त्यांनी ह्यांना कितीदा सांगितलं होतं, "काका, ती दाढ दाखवा, किती दिवस एका बाजूनं चावणार?" ह्यांना डोंगराइतकीच त्या खुर्चीचीही भीती. गाल धरून हसायचे आणि विषय बदलायचे.

त्या हिवाळ्यात गट खिंडीखाली मुक्काम करणार होता. तिथला वारा म्हणजे दारं उखडणारा. दोन तंबू न्यायचे ठरले. एक डॉक्टरांचा, दुसरा खारूनं आणायचा. तिला लहानपणापासून काहीही हवं असलं की एकच वाक्य, "बाबांना विचारते." ती दुकानात आली तेव्हा हे इतके खूश झाले की गिऱ्हाइकाला अर्ध्यात सोडून आले.

तिच्या मनात हलका तंबू होता. ओझं तिलाच वाहायचं होतं. ह्यांनी ओट्यावरच्या तंबूवर हात ठेवला. बुटका, जड, चार दांड्या एकमेकींवरून गेलेल्या, खाली जमिनीवर पसरणारा कापडाचा घोळ. "ह्या घोळावर बर्फ लोटायचा, म्हणजे खालून वारा शिरत नाही. पाठीला हलका तो वाऱ्यालाही हलकाच, खारू. जड घे. वाटेत शिव्या मला दे."

"हाच नेऊ? हा तर मांडणीतला."

"नवा माल तुम्ही निघाल्यावर येणार. आणि ह्याच्यासारखा पारखलेला दुसरा कुठला? हंगामभर उभा आहे. जा, आत जाऊन झोप."

ती आत शिरून आडवी झाली. ह्यांनी बाहेरून दोन्ही हातांनी दांड्या गदागदा हलवल्या. "हलतो का?"

"जरासुद्धा नाही."

हलणार कसा? ओट्याच्या फळ्यांत आकडे बसवलेले होते आणि तंबूचे कोपरे त्या आकड्यांत अडकवलेले होते. जमिनीत ठोकायच्या मेखा आणि ताणून बांधायच्या दोऱ्या हंगामाच्या सुरुवातीलाच काढून टाकल्या होत्या, कारण एक जाडे गृहस्थ दोरीत पाय अडकून बुटांच्या मांडणीवर जाऊन पडले होते. मेखा आणि दोऱ्या बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात गेल्या आणि डबा माझ्या गल्ल्याखाली. थंडीत फरशी गार लागते म्हणून मी त्याच्यावर पाय ठेवून बसायची.

तंबू ह्यांनी स्वतः उतरवला. कापडाची घडी अशी घातली की इस्त्रीवाल्यानं बघत राहावं. दांड्या पुसल्या, मोजल्या, पिशवी बांधली. वर्षानुवर्षं हजार वेळा तंबू उभे केले आणि उतरवले, पण सगळे त्या ओट्यावर. गिऱ्हाइकाला तोंडानं सांगायचे, "मेख तिरकी ठोका, दोरी ताणून बांधा." हातांना मात्र ते काम कधी पडलंच नव्हतं, आणि हातांना जे ठाऊक नव्हतं ते पिशवीत गेलं नाही.

डॉक्टरांचा नियम होता, सामान नेण्याआधी प्रत्येकानं ते घराबाहेर एकदा उभं करून बघायचं. त्यांनी विचारलं तेव्हा खारू हो म्हणाली. तिला ते खोटं वाटलंच नाही. बाबांचा तंबू रोज उभा असतो, आणखी काय बघायचं?

ती मंडळी गेली आणि नवा माल आला. दुपारची वेळ होती. बाहेर वारा सुटला होता, दुकानाची पाटी भिंतीवर आपटत होती. हे नवा तंबू ओट्यावर चढवत होते. कोपरे आकड्यांत अडकवून झाले तसे मला म्हणाले, "अगं, तो डबा सरकव. ह्याच्याही मेखा त्यातच टाकतो."

मी पायानंच डबा सरकवला. तो जड होता, आतून खणखणला. ह्यांनी झाकण काढलं.

ह्यांचा चेहरा बघून मला आधी वाटलं, ह्यांच्या दाढेतून कळ गेली. ह्यांचा हात गालाकडे गेला होता. मग मी डब्यात वाकून बघितलं. मेखा नीट रबरानं बांधलेल्या, दोऱ्यांची वेटोळी वर ठेवलेली. मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी स्टूल धरलं. माझ्या पायांखाली होतं ते सगळं. लेक खिंडीखाली, आणि तिचा तंबू जमिनीला धरून ठेवणारं सगळं मी पायांखाली घेऊन बसले होते.

मालकीणबाई आतून गुडघा धरत आल्या. तरुणपणी त्या फार चढलेल्या. वारा ऐकूनच आल्या होत्या. "पायथ्याच्या चौकीला फोन लावते. पोरं आज वर असतील ना?" मग ह्यांच्याकडे बघितलं. "काय झालं?"

ह्यांनी झाकण लावलं. "काही नाही," म्हणाले.

मी ह्या माणसाला इतक्या वर्षांत घाबरट म्हणून हसले होते, पण त्या "काही नाही"ची मला लाज वाटली. चौकीवाले म्हणाले, वारा पडेपर्यंत कुणालाच वर पाठवता येणार नाही. म्हणजे खरं सांगून तेव्हा काही फरक पडला नसता. पण फोनआधी ह्यांना ते कुठे ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी फोन आला. सगळे खाली उतरले होते. डॉक्टरांची बोटं बर्फानं बधिर झाली होती, बाकी ठीक. हे ओट्याच्या कडेवर बसले आणि ढसाढसा रडले. गिऱ्हाइकं आपापसांत म्हणाली, काय माया आहे बघा लेकीवर.

खारू घरी आली तेव्हा ओठ फुटलेले, नाक सोललेलं. हे दारातच उभे होते, चेहरा असा की मारलं तरी चालेल. तिनं बूट काढता काढता म्हटलं, "बाबा, तंबू एक नंबर होता." आणि आंघोळीला गेली.

खरं काय झालं ते मला तिनं स्वयंपाकघरात सांगितलं. पिशवी उघडली तर मेखा नाहीत. दगड शोधले, कोपऱ्यांवर ठेवले, वाऱ्यानं ते दगड खेळण्यासारखे उडवले. मग बुटांच्या नाड्या काढून तंबू मोठ्या धोंड्यांना बांधला. हातमोजे घालून गाठी बसेनात, म्हणून डॉक्टरांनी मोजे काढले. तंबू शेवटी उडून गेलाच. सगळ्यांनी दुसऱ्या तंबूत एकमेकांच्या मांडीवर बसून वारा पडायची वाट बघितली.

"मग तू काय सांगितलंस डॉक्टरांना?"

"मीच विसरले म्हणून. आणि आई, बाबांना ह्यातलं काही सांगशील तर बघ. ते मरून जातील."

त्यांना माहीत आहे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं काम माझं नव्हतं. त्या दिवसापासून घरात असा कारभार सुरू झाला की तिनं झाकायचं, ह्यांनी लपवायचं आणि दोघांना वाढायला मी. जेवताना हे मान वर करत नसत. हे एकटे सापडले की मी भांडायची, "बोला ना! लेक तुमची आहे, परकी आहे का?" तर म्हणायचे, "तिनंच विषय काढला नाही. आता मी काढला तर तिलाही कानकोंडं होईल." स्वतःच्या भित्रेपणाला लेकीचं नाव द्यायचं, आणि तेही इतक्या हळू आवाजात! मला चीड यायची. मग रात्री उशीला तोंड लावून पडलेले दिसले की कीवही यायची.

पुढच्या सुट्टीत खारू घरीच राहिली. म्हणाली, कचेरीत काम आहे. त्याच्या पुढच्या सुट्टीतही काम. पाठीवरची पिशवी माळ्यावर गेली. मी ओळखलं, पण विचारलं नाही. ह्यांनीही ओळखलं, आणि दुकानातलं बोलणं पहिल्यासारखं सुरू ठेवलं. किंबहुना जास्तच.

आणि एका सकाळी डॉक्टर दुकानात आल्या.

दुकान भरलेलं होतं. त्या सरळ ओट्यापाशी गेल्या. दोन्ही हातांत पातळ मोजे होते. "काका, आमच्या गटाला एक तंबू हवा. तुम्हीच निवडून द्या."

हे सुरू झाले. खरंच सांगते, पहिली काही वाक्यं उत्तम होती. घोळ किती, दांड्या किती, दार वाऱ्याकडे पाठ करून कसं ठेवायचं. मग डॉक्टरांनी आवाज खाली आणला, पण मी गल्ल्यावर होते, मला ऐकू आलं.

"तुमच्याशी एक बोलायचं होतं. खारूला मी गटातून काढलंय. तिनं सांगितलं असेलच."

ह्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"विसरली असती तर चाललं असतं हो, माणूस विसरतं. पण उभा करून बघितला का विचारलं तर हो म्हणाली. मला ते टोचलं. पोरगी गुणी आहे, मला झोप लागत नाही काढल्यापासून. तुम्ही एवढ्या वेळा वर राहिलेले, तुम्हीच सांगा. अशा माणसाला बरोबर न्यावं का?"

हे नेहमीसारखं हसायला गेले. तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. हात दांडीकडे गेला आणि तिथेच थांबला. मी गल्ल्याखालून डबा काढला आणि वर ठेवला. मुद्दाम आवाज होईल असा ठेवला. त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

हे गल्ल्यापाशी आले, माझ्याकडे न बघता डबा उचलला आणि डॉक्टरांसमोर उघडला.

"ह्या तिच्या तंबूच्या मेखा," म्हणाले. "पिशवी मी भरली होती. ती विसरली नाही. मी म्हणालो हंगामभर उभा आहे, म्हणून तिनं बघितला नाही."

डॉक्टर डब्यावर वाकल्या.

"आणि मी वर कधी राहिलो नाही. एकदाही नाही." हे वाक्य ह्यांनी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ओरडायचं नव्हतं त्यांना, आवाज ताब्यात राहिला नाही. बूट घालून बघणारा एकजण तसाच एका पायावर थांबला. मालकीणबाई आतल्या दारात उभ्या होत्या. ह्यांचे कान इतके लाल झाले होते की मला खाली बघावंसं वाटलं, पण मी बघितलं नाही. कुणीतरी त्यांच्याकडे बघायला हवं होतं.

डॉक्टरांनी डाव्या हाताचा मोजा काढला आणि डब्यातली एक मेख उचलली. ती बोटांतून सुटली आणि फरशीवर पडली. त्यांना ती पडल्याचं आवाजावरून कळलं. दोन बोटांची टोकं पांढरट, मेणासारखी दिसत होती. हे वाकले, मेख उचलली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"तुम्हाला हे कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही वर होतात तेव्हा."

"म्हणजे ती परत आली, मी तिला काढलं, ह्या सगळ्या वेळात तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

त्या काही बोलल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यांनी मेख डब्यात ठेवली, मोजा चढवला. जाताना मला म्हणाल्या, "खारूला सांगा, रविवारी सराव आहे. तंबू तिनंच निवडून आणायचा." ह्यांच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

घरी खारूचा तोल सुटला. "कशाला सांगितलंत? मी सांभाळलं होतं ना सगळं!" भांडं आपटलं, रडली, मग रडत रडतच म्हणाली, "मला वाटत होतं तुम्हाला माहीतच नाही, बाबा." ह्या वाक्यावर हे जे बसले ते जेवायला उठले नाहीत. त्या रविवारी तिनं तंबू आणला तो मालकीणबाईंना विचारून. अंगणात उभा केला, मेखा तिरक्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. हे खिडकीतून बघत होते. "बाबांना विचारते" हे वाक्य आमच्या घरात पुन्हा ऐकू आलं नाही.

मालकीणबाईंनी ह्यांना काढलं नाही. "माल कळतो तुम्हाला," एवढंच म्हणाल्या. आता कुणी विचारलं, काका, तुम्ही किती वेळा गेलात, की हे सांगतात, एकदाही नाही. प्रत्येक वेळी कान तसेच लाल होतात. काही गिऱ्हाइकं उठून जातात.

दाढ मात्र थांबणार नव्हती. गाल सुजला, डोळा अर्धा मिटला, तरी हे गोळ्या गिळून दिवस काढत होते. मी म्हणाले, शेजारच्या गावात दुसरा डॉक्टर आहे, तिकडे जाऊ. ह्यांनी चपला पायात घातल्या. मग म्हणाले, "नको. इथेच जाऊ."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. डॉक्टरांनी दिवा ओढला, आरसा हातात घेतला. डाव्या हातानं गाल धरायचा तर बोटांना कळत नव्हतं किती दाबलं जातंय, म्हणून त्या सारखं वाकून डोळ्यांनी बघत होत्या. दाढ काढायला हवी म्हणाल्या. सूज इतकी होती की सुई घातली तरी भूल पुरती चढणार नव्हती.

"दुखेल, काका. सहन झालं नाही तर हात वर करा, मी थांबेन."

ह्यांनी मान हलवली. डॉक्टरांना जरा जास्त वेळ लागला. दोनदा पकड निसटली. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत ओघळत होतं, खुर्चीचा दांडा धरलेली बोटं पांढरी पडली होती.

डॉक्टर थांबल्या. "दुखतंय ना? मग हात का वर करत नाही?"

तोंड उघडं असताना बोलता येत नाही. ह्यांनी त्यांच्या डाव्या हाताकडे बघितलं, मग डोळे मिटले. डॉक्टरांनी तो हात ह्यांच्या गालावर पुन्हा ठेवला आणि उरलेलं काम पुरं केलं.